नावाने हाक मारणारा प्रभू



पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालिया कबरीजवळ रडत उभी होती. प्रभू समोर असूनही तिला तो माळी वाटला. प्रभूने तिला नावाने हाक मारली आणि तिने त्याला ओळखले. हे घडले जेरुसलेममध्ये. त्याच भूमीत आज दोन जनसमूह राहतात आणि एकमेकांचे नाव मान्य करणे त्यांना जड जाते.

आपण पवित्र भूमीविषयी भक्तीने बोलतो. आपल्यातील काही जण यात्रा करून आले आहेत. पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पॅलेस्टिनी कोण, हे आपण क्वचितच विचारतो. अरब म्हणजे मुसलमानच, असे आपण धरून चालतो. वास्तविक १९११ साली याफा शहरात 'फलस्तीन' या नावाचे वर्तमानपत्र सुरू केले ते दोन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चुलत भावांनी. आपल्या भूमीचे नाव त्यांनी अभिमानाने मथळ्यावर छापले.

१९१७ साली ब्रिटिश सरकारने बाल्फोर जाहीरनाम्याद्वारे पॅलेस्टाईनमध्ये यहुद्यांच्या राष्ट्रीय निवासस्थानास पाठिंबा दिला. तेव्हा तिथल्या लोकसंख्येत अरब सुमारे नव्वद टक्के होते. पण त्यांचा उल्लेख झाला तो केवळ 'यहुदी नसलेले समाज' असा. युरोपात यहुद्यांनी शतकानुशतके छळ सोसला होता; पुढे हिटलरच्या राजवटीत त्यांच्यातील साठ लाखांचा संहार झाला. त्यांना आसरा हवा होता, हे आपण कधीही विसरू नये. परंतु १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. अनेकांनी घराच्या किल्ल्या जपून ठेवल्या. हरवलेल्या गावाच्या आठवणीने त्यांना एका राष्ट्राच्या भावनेत अधिकच घट्ट बांधले.

पुढे दोघांनीही एकमेकांचे नाव पुसण्याचा प्रयत्न केला. पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेच्या १९६८ च्या सनदेने यहुदी हे वेगळे राष्ट्र नाही असे म्हटले. १९६९ साली इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मायर यांनी पॅलेस्टिनी नावाचे लोक नव्हतेच, असे सांगितले. सप्टेंबर १९९३ मध्ये मात्र अराफत आणि राबिन यांनी पत्रे लिहून परस्परांना मान्यता दिली. शांतीचे दार किलकिले झाले. दोनच वर्षांनी एका यहुदी अतिरेक्याने राबिन यांची हत्या केली. दोन्ही बाजूंच्या हिंसेने आणि वाढत्या वसाहतींनी ते दार पुन्हा लोटले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे जणांना ठार मारले, अडीचशेच्या आसपास लोकांना ओलीस नेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझातील मृतांची संख्या साठ हजारांवर गेली, असे तिथले आरोग्य खाते सांगते. गाझातील एकमेव कॅथलिक चर्चमध्ये शेकडो लोक आश्रयाला होते. पोप फ्रान्सिस आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करीत. युद्ध थांबवण्याची सत्ता त्यांच्या हाती नव्हती; विचारपूस करणे हाती होते, ते त्यांनी सोडले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला. पण युद्धविराम म्हणजे शांती नव्हे. दोन्ही जनसमूहांना आपापल्या राज्यात सुरक्षित जगता यावे, ही पवित्र पीठाची जुनीच मागणी आहे.

गालीलात जन्मलेल्या संत मरियम बावार्दी १८७० साली मंगळूरला आल्या आणि तिथल्या कार्मेल मठाच्या उभारणीत सहभागी झाल्या. पुढे त्यांनी बेथलेहेमात मठ उभारला. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पॅलेस्टाईनची ही कन्या आपल्या देशाच्या मातीत प्रार्थना करून गेली. तिच्या लोकांसाठी प्रार्थना करणे हे आपलेही ऋण आहे.

म्हणून आज श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत 'पवित्र भूमीसाठी' एवढेच न म्हणता आपण इस्राएली आणि पॅलेस्टिनी, अशी दोन्ही नावे घेऊ या. एकाचे नाव घेताना दुसऱ्याचा द्वेष मनात ठेवू नये. आणि घरी परतताना स्वतःला विचारू या: आपल्या आळीत, आपल्या नात्यात असे कोण आहे, ज्याचे नाव आपण ओठांवर येऊ देत नाही?

हे प्रभो, तू आम्हा प्रत्येकाला नावाने ओळखतोस. आम्हालाही आमच्या भावाचे नाव घ्यायला शिकव. आमेन.