दख्खनच्या माणसाचा दात

भालकीहून कलबुर्गी ओलांडून आणखी दक्षिणेला गेलं की सुरपूर भागात हुणसगीचं खोरं लागतं. तिथल्या इसामपूरला कालव्याच्या कामासाठी काळी माती उपसली गेली आणि खालचा थर उघडा पडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा अश्मयुगातला एक कारखानाच समोर आला. चुनखडीच्या सुट्या लाद्या, त्या फोडायचे गोटे, अर्धवट घडलेल्या हातकुऱ्हाडी, छिलके, सगळं जिथल्या तिथे. कोणत्या जाडीची लादी घ्यायची, कडेला घाव कुठे घालायचा, हे ठरवूनच हात चाललेला दिसतो. तिथेच मिळालेल्या तृणभक्षी जनावरांच्या दातांवरून या जागेचं वय सुमारे १२ लाख वर्षं निघालं. आपली होमो सेपियन्स ही प्रजाती जेमतेम ३ लाख वर्षांची. मग हे कारागीर कोण? सांगता येत नाही, कारण त्यांचं एकही हाड तिथे मिळालेलं नाही.

दरम्यान जगात मानवाच्या वंशवेलीचं चित्र पार बदललं. २०१० साली सैबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या हाडाने माणसाची एक अनोळखी शाखाच दाखवून दिली. चीनमधली हार्बिनची कवटी त्याच शाखेची, हे २०२५ मध्ये तिच्या दातावरच्या कीटणातल्या डीएनएवरून कळलं. या साऱ्या नकाशात दख्खन कोरं आहे. पण कोरं म्हणजे निर्मनुष्य नव्हे, हे इसामपूरचे दगड ओरडून सांगतात.

डीएनए थंडीत टिकतो, आपल्या उन्हापावसात विरतो. हरियाणातल्या राखीगढीला साठेक नमुने तपासल्यावर एकाच बाईच्या अवशेषांतून तो हाती लागला, आणि तीही फक्त साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात गवताळ स्टेपीतल्या पशुपालकांचा अंश आढळला नाही, हे २०१९ मधलं निरीक्षण मोलाचंच. पण त्या एकटीच्या जिवावर ‘मूळचे कोण’ या वादाचा निकाल लावायला निघालेले दोन्ही बाजूंचे लोक पाहिले की मला चीड येते. पुरावा जेवढं बोलतो तेवढंच त्याच्या तोंडी घालावं.

डीएनए सोडून हाडांकडे वळलं, तर भारतात प्राचीन मानवाचा ठळक अवशेष म्हणजे अरुण सोनकिया यांना १९८२ साली नर्मदेकाठी हथनोऱ्याला मिळालेली कवटी. तिची प्रजाती कोणती, यावर अजून एकमत नाही.

तरी निराश व्हायचं कारण नाही. डीएनए संपतो तिथे दाताच्या कवचातली प्रथिनं कामी येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश दातांमधून ती मिळाल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि तो काही बर्फाचा प्रदेश नव्हे. म्हणजे इसामपूरच्या कारागिराची ओळख पटवायला आपल्याला एखादा मानवी दातही पुरू शकेल.

तो कुठे मिळेल? नद्यांच्या जुन्या गाळात शोधायला हवा. मांजरेच्या खोऱ्यातून, लातूरकडच्या भागात, हत्ती आणि पाणघोड्यांची जीवाश्मं निघाली आहेत. हाडं इथे टिकतात, हे त्यातून सिद्धच झालं. तीच मांजरा आपल्या भालकी तालुक्यातून पुढे जाते. पात्रातली वाळू यंत्राने उपसली जाते तेव्हा हजारो वर्षांचे थर काही तासांत कालवले जातात. मग सापडलेलं हाड नुसतं हाड उरतं, त्याचा काळ सांगणारा थर हातचा जातो. म्हणून नदीकाठच्या शेतकऱ्यांना, वाळू भरणाऱ्या मजुरांना आणि गावोगावच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: दगडासारखं जड झालेलं हाड किंवा दात दिसला तर धुऊ नका, फोडू नका, हलवू नका. जागेचा फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठाला त्याच दिवशी कळवा.