दर्यावरची उधारी

दर्यावर्दी लोकांची मैत्री फार स्वस्त असते, असं आमच्या बँकेतल्या मंडळींचं मत आहे. क्रांती चौकात बसून दर्याविषयी मत द्यायला अडवतंय कोण? इथे तर आरमार उभारणारे महाराजसुद्धा घोड्यावर आहेत!

गोव्याच्या किनाऱ्यावर, माडाच्या झापांखाली संध्याकाळी बघा. शिडं उतरवून आलेले नाविक एका बाकावर टेकतात. आडनाव, पगार, पोटजात काही विचारत नाहीत. वारा कसा होता, एवढंच. बिअरचा दुसरा ग्लास संपेपर्यंत जन्माचे सोबती! सकाळी ज्याची त्याची वाट वेगळी. आता ही मैत्री खरी की खोटी? मुदत ठेवीच्या हिशेबानं शून्य.

पण २०१८ साल आठवा. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत आपले अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडून जायबंदी झाले. त्यांचा प्रतिस्पर्धी आयरिश ग्रेगर मॅकगकिन. त्याच वादळात त्याच्याही डोलकाठ्या मोडलेल्या. तरी हा गडी मोडक्या बोटीनिशी टॉमींच्या दिशेनं निघाला! शेवटी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं दोघांनाही उचललं. ‘मग शर्यतीचं काय?’ हा प्रश्न फक्त जमिनीवरच पडतो.

म्हणजे बाकावरच्या त्या गप्पा हे नुसतं खातं उघडणं. रक्कम काढायची वेळ येते तेव्हा तिथे कोणी सही जुळवत बसत नाही.

आम्ही चौकात लाल दिव्याला पन्नासजण खेटून उभे असतो. कोणी स्कूटरवरून पडला, की आधी विचारतो, “कोणाचा कोण हो हा?”

समुद्रावर याचं उत्तर ठरलेलं आहे. आपला.