सनद नसलेले उत्तर

घरातील एखादी व्यक्ती अल्लाहला प्यारी झाली की काही दिवसांतच वारशाच्या वाटणीचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी अशा वेळी घरातील जाणती माणसे मौलाना साहेबांकडे किंवा दारुल इफ्ताकडे जात. आता पुष्कळ घरांत तोच प्रश्न मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारला जातो. क्षणार्धात हिस्से मिळतात, वर त्यांची कारणमीमांसाही सुबक मराठीत मिळते. उत्तर बरोबर असेलही. परंतु ते आले कसे, हे आपणास कळले काय? ते यंत्र बनविणाऱ्यांना तरी कळते काय?

साध्या गणकयंत्राची प्रत्येक पायरी माणसाने आधी योजलेली असते. या नव्या यंत्राचे तसे नाही. त्याला अफाट मजकूर देऊन पुढचा शब्द ओळखावयास लावले जाते आणि ते चुकेल तसतशा त्याच्या आतील संख्या किंचित बदलत नेल्या जातात. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ मध्ये अशा १७५ अब्ज संख्या होत्या. त्यांतील कोणतीही संख्या वाचता येते. तिचा अर्थ मात्र कोठेही लिहिलेला नाही. म्हणून आपणच घडविलेल्या वस्तूचे अंतरंग शोधण्याची वेळ निर्मात्यांवर आली आहे.

२०२५ साली अँथ्रॉपिक या कंपनीच्या संशोधकांनी आपल्या क्लॉड नावाच्या यंत्राला ३६ आणि ५९ यांची बेरीज करावयास सांगून आत काय घडते ते पाहिले. एका वाटेने बेरीज साधारण किती येईल याचा अंदाज बांधला जात होता, दुसऱ्या वाटेने शेवटचा अंक नेमका काढला जात होता आणि दोन्ही जुळून ९५ हे उत्तर येत होते. मग यंत्राला विचारले, ‘हे कसे केलेस?’ त्याने शाळेतील रीत सांगितली: सहा आणि नऊ पंधरा, हातचा एक. उत्तर खरे, स्पष्टीकरणही निर्दोष. पण उत्तर त्या वाटेने आलेच नव्हते! याला लबाडी म्हणता येणार नाही. माणसे जे स्पष्टीकरण देतात तेच त्याने पुढे केले. आपल्या आत काय घडले याची त्याला खबर नव्हती. शिवाय आपल्या पद्धतीने आतील घडामोडींचा काही अंशच दिसतो, हेही त्या संशोधकांनी प्रांजळपणे नमूद केले आहे.

आता वाटणीकडे वळू. एका स्त्रीचे निधन झाले. संतती नाही, आईवडील हयात नाहीत. मागे पती आणि दोन सख्ख्या बहिणी. दिव्य कुरआनने अशा स्थितीत पतीला निम्मा आणि दोन बहिणींना मिळून दोन तृतीयांश हिस्सा ठरवून दिला आहे. सहा भाग केले तर पतीचे ३ आणि बहिणींचे ४, म्हणजे सात होतात. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हा पेच आला. त्यांनी सहाबांशी सल्लामसलत केली आणि सातच भाग करून प्रत्येकाचा हिस्सा प्रमाणात कमी केला; मालमत्ता अपुरी पडली तर सर्व सावकारांचे येणे जसे प्रमाणात घटते तसे. यालाच ‘औल’ म्हणतात. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना हे मान्य नव्हते आणि त्यांचे मतही फिकहच्या ग्रंथांनी जपले. निर्णय कोणी दिला, का दिला, कोणाचा विरोध होता, हे चौदा शतकांनंतरही आपणास विचारता येते. यंत्रही कदाचित ३ आणि ४ असेच सांगेल, औलचे नावही घेईल. ते कारण खरोखर त्याच्या उत्तराचे आहे की नुसता ‘हातचा एक’?

कोणी म्हणेल, मुफ्तींच्या डोक्यात काय चालते हे तरी कोणी पाहिले आहे? आक्षेप रास्त आहे. मुहद्दिसांनीही रावींच्या अंतःकरणात डोकावून पाहिले नव्हते. त्यांनी रावीचे कथन इतर विश्वसनीय रावींच्या कथनाशी ताडून त्याची स्मरणशक्ती पारखली. यंत्राचीही अशी बाहेरून पारख करता येते आणि ती केली जाते. परंतु मुहद्दिस तेवढ्यावर थांबले नाहीत. हा मनुष्य कोण, कोणाकडून ऐकले, खोटे बोलण्यास भितो की नाही, हेही त्यांनी तपासले. यंत्राला आखिरतचा हिशेब द्यावयाचा नाही. ज्याचे ज्ञान नाही त्याच्यामागे जाऊ नये, कान, डोळे आणि हृदय या सर्वांना जाब विचारला जाईल, ही सूरह बनी इस्राईलची ताकीद विचारणाऱ्याला आहे, मोबाइलला नाही.

ही यंत्रे विचारणाऱ्याच्या कलाने झुकतात, हा दोषही आता सर्वज्ञात आहे. ‘बहिणीच्या लग्नात पुष्कळ खर्च झाला’ असे आधी सांगून भावाने प्रश्न टाकला, तर उत्तर कोठे झुकले हे त्याला दिसणार नाही. म्हणून यंत्राला ग्रंथाचे नाव विचारावे, तो ग्रंथ उघडून पाहावा आणि कागद घेऊन आलिमांसमोर बसावे. भावाने एकट्याने नव्हे, बहिणीला सोबत घेऊन. ‘हा हिस्सा कोणी ठरविला?’ असे विचारण्याचा हक्क तिला आहे. त्या वेळी मोबाइलचा पडदा तिच्यासमोर धरून भागणार नाही.