बायका हसतात तेव्हा

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एखाद्या प्रहसनात बायकोच्या खरेदीवर विनोद होतोच. आम्ही बायकाही हसतो, आणि ‘तुम्हीच तर हसत होता!’ हा पुरावा पुढे वर्षभर पुरतो. बाईचं हसणं म्हणजे तिची संमती मानायची का? वेंडी वॉसरस्टाइनची नाटकं वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडला.

‘द हायडी क्रॉनिकल्स’ १९८८च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलं. १९८९ साली त्याला पुलित्झर आणि टोनी दोन्ही मिळाले. आणि रागावल्या त्या काही स्त्रीवादीच. कलेतिहासाची प्राध्यापक हायडी, सोफोनिस्बा अँग्विसोला, क्लारा पीटर्स अशा विस्मृतीत गेलेल्या चित्रकर्तींबद्दल मिस्कीलपणे बोलते, तोवर सगळं छान. पण १९७०च्या ॲन आर्बरमधल्या बायकांच्या गटाचा प्रवेश आला की थट्टा चळवळीचीच होते. सारख्या मिठ्या, सारखं ‘आय लव्ह यू’, आणि पायांवरचे केस काढता की नाही यावरून ठरणारी निष्ठा! मात्र याच गटात सतरा वर्षांची बेकी, आपल्याशी वाईट वागणाऱ्या मित्राबद्दल, जणू चूक तिचीच असल्यासारखी बोलते. तेव्हा त्या मिठ्या कशासाठी होत्या ते कळतं. थट्टा गटाच्या भाषेची आहे, गरजेची नाही. इथे मी वॉसरस्टाइनच्या बाजूची.

मला खटकतं ते वेगळंच. नाटकातली सर्वांत चुरचुरीत वाक्यं स्कूप आणि पीटर या दोन पुरुषांच्या वाट्याला येतात. स्कूप तर दिसेल त्या गोष्टीला ग्रेड देत फिरतो. हायडी बहुतेक वेळ ऐकते. १९८६च्या प्रवेशात, प्लाझा हॉटेलातल्या भोजनसमारंभात ती अखेर एकटी बोलायला उभी राहते. जिमच्या लॉकर रूममधल्या बायकांची टिंगल करता करता त्यांचा हेवाही कबूल करून बसते, आणि आपण सगळ्या एकत्र आहोत असं वाटलं होतं, असं म्हणते. प्रेक्षकांचं हसू तिथे विरतं. शेवटी ती एक मुलगी दत्तक घेते. एकटेपणावर मूल हा उतारा कसा, असं टीकाकारांनी विचारलं. विचारणं रास्तच होतं. पण मला मुलापेक्षा तिचं आधीचं गप्प राहणंच जास्त लागतं. तिचा विनोद व्याख्यानापुरता, बाकीचा मित्रांचा.

१९९२च्या ‘द सिस्टर्स रोझेन्स्वाइग’मध्ये ही वाटणी बदलते. थोरल्या साराच्या चोपन्नाव्या वाढदिवसाला तीन ज्यू बहिणी लंडनला जमतात आणि टोमणे त्यांचे त्याच मारतात. मधली गॉर्जस मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या सिनगॉगच्या बायकांना राजघराण्याचे दागिने दाखवायला घेऊन आलेली. आपल्या महिला मंडळाच्या सहलीची पुढारीच समजा. अखंड बडबड, कपड्यांचं वेड. आपण तिला हसतो, आणि नाटककार हसूही देते. मग सहलीतल्या बायका तिला खराखुरा शनेलचा सूट भेट देतात. गॉर्जस हरखून जाते. आणि तोच सूट दुकानात परत करायचं ठरवते, कारण नवरा कमवत नाही आणि मुलांच्या शिक्षणाची फी कोणीतरी भरायला हवी.

तेही ती रडत सांगत नाही.