हिशेब कशाचा मागायचा?



वर्षअखेरीस धर्मग्रामाच्या हिशेबाची सभा भरते. सणाच्या मांडवाला किती लागले, विजेचे बिल का वाढले, अशी विचारणा होते. ती व्हायलाच हवी. पण एक प्रश्न बहुधा राहून जातो. रुपयाचा हिशेब जुळला, म्हणजे ज्यासाठी लोकांनी तो रुपया दिला ते काम झाले का? शुभवर्तमानातील दाखल्यात धनी कारभाऱ्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो, तेव्हा तो फक्त वहीतली बेरीजच तपासणार होता का? आज हा प्रश्न आपण आपल्या जंगलांविषयी विचारू या.

जंगल सर्वांचे आहे. ज्यांच्या सहीने ते राखले जाते किंवा दिले जाते ते अधिकारी त्याचे मालक नव्हेत, कारभारी आहेत. त्यांच्याकडे हिशेब मागायचा तो कशाचा? आपले नेहमीचे उत्तर असते, क्षेत्रफळाचा. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनांचा अहवाल काढते. किमान १ हेक्टर जमीन आणि तिच्यावर झाडांच्या पानोऱ्याचे निदान १० टक्के छत्र असले की उपग्रहाच्या चित्रात ते वनाच्छादन ठरते. जमीन कोणाची, झाडे कोणती, हे तेथे पाहिले जात नाही. त्यामुळे एखादी फळबागही त्यात मोजली जाऊ शकते. २०२३ च्या अहवालानुसार देशाचा २१.७६ टक्के भाग वनाच्छादित आहे. हा आकडा खोटा नव्हे, पण तो सगळे सांगत नाही.

कागद-पेन्सिल घेऊन पाहू. एक किलोमीटर लांब आणि तेवढेच रुंद जंगल म्हणजे १०० हेक्टर. कडेने ऊन, वारा, वणवा, गुरे, तण आत शिरतात. ही झळ १०० मीटर आत जाते असे धरू. मग शांत, गर्द असे आतले जंगल उरते ६४ हेक्टर. आता त्यातून दोन अरुंद रस्ते उभे-आडवे काढा. चार तुकडे होतील आणि आतले जंगल ३६ हेक्टरवर येईल. आणखी रस्ते काढून १६ तुकडे करा. आतले जंगल उरेल केवळ ४ हेक्टर! वहीत मात्र अजूनही जवळजवळ १०० हेक्टरच लिहिलेले असेल. झाडे फारशी तुटली नाहीत, पण जंगल गेले.

हे पाहायला शिकवणाऱ्या शास्त्राला लँडस्केप इकॉलॉजी म्हणतात. आपण त्याला भूप्रदेशाचे परिसरशास्त्र म्हणू. जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांनी हे नाव १९३९ साली, विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासताना दिले. तुकडा केवढा आहे, दोन तुकड्यांना जोडणारी वाट शाबूत आहे का, भोवताली शेत आहे की सिमेंट, हे या शास्त्राचे प्रश्न. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण ॲरिस्टॉटलकडून हेच शिकतो. विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. संपूर्ण वस्तू ही तिच्या भागांच्या बेरजेहून वेगळी असते, आणि जो फक्त विटा मोजतो त्याला घर पडल्याचे कळत नाही.

आपल्या वसईच्या बाजूचीच एक गोष्ट आठवते. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यात विहिरीत सापडलेल्या एका बिबट्याला गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले होते आजोबा. महामार्ग, रूळ आणि खाडी ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालत तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला. आपल्या नकाशावर वेगवेगळे रंगवलेले तुकडे त्याच्या पायांना एकच प्रदेश होते. २०११ साली तो मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. जोडणारी वाट कोठे तुटली आहे, हे त्याने आपल्या जिवाने दाखवले.

मग दोषी कोण? येथे नैतिक प्रश्न अवघड होतो. प्रत्येक सही कायद्यात बसणारी असू शकते. अधिकारी म्हणेल, मी तीन वर्षे होतो, रस्ता वर ठरला, माझ्या वाट्याला आली ती एक फाईल. त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणून दोषी असणे आणि उत्तरदायी असणे यांत आपण फरक केला पाहिजे. दोष एका कृत्याचा असतो. उत्तरदायित्व सोपवलेल्या संपूर्ण वस्तूचे असते. पदभार घेताना प्रदेश कसा होता आणि सोडताना कसा आहे, किती वाटा जोडलेल्या राहिल्या, आतले जंगल किती उरले, एवढे तरी कारभाऱ्याने सांगायला हवे. ही तपासणी त्याच्यावर अन्याय करणार नाही. जो प्रामाणिक आहे त्याला ती वरच्या दबावापुढे उभे राहायला आधारच देईल. खालच्या वनरक्षकाच्या माथी मात्र ती मारता कामा नये.

साध्या हिशेबाची गरजही संपत नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये पर्यायी वनीकरणाचा अहवाल दिला. दिलेल्या वनजमिनीच्या बदल्यात सुमारे १ लाख ३ हजार हेक्टर बिगर-वन जमीन मिळायला हवी होती, मिळाली सुमारे २८ हजार. पण समजा, सगळी जमीन मिळाली असती, तरी तोडलेल्या वाटेच्या बदल्यात दूरच्या माळावर लावलेली रोपे ती वाट जोडू शकली असती का?

हिशेब मागितला की फरक पडतो. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तेथे न्यायालयीन लढ्यानंतर महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांना रस्त्याखालून जाण्यासाठी ९ ठिकाणी वाट ठेवली गेली. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत वाघही दिसले.

उपग्रहाला सगळे दिसत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील आदिवासी रोज ज्या जंगलात वावरतात त्याचा हिशेब त्यांच्या पायांनाच ठाऊक असतो. त्यांना विचारल्याशिवाय केलेली तपासणी अपुरी आहे.

आणि आपण? नवा रस्ता झाला की आपणच म्हणतो, चला, अर्धा तास वाचला. डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट स्वस्त मिळाला की आपणच खूश होतो. कारभाऱ्याला धनी हवे होते ते मिळाले, असे उद्या तो म्हणाला तर आपण काय उत्तर देणार? तेव्हा पुढच्या वेळी जंगल वाढल्याची बातमी वाचू, तेव्हा एवढेच विचारू या: किती, हे कळले. ते अखंड आहे का?