अपेक्षाभंगाचे देणे

एखाद्याने खोटे बोलून आपणांस फसविले, तर दोष कोणाला द्यावयाचा हे आपणांस लहानपणापासून ठाऊक असते. परंतु एकही खोटे वाक्य न उच्चारता कोणी आपली आशा वाढविली, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत विरून गेली, तर त्या दुःखाची जबाबदारी कोणाची? आशा तर आपलीच होती. ती करा म्हणून कोणी आपल्या डोक्यावर बसले नव्हते. मग तक्रार न्यावयाची तरी कोणाच्या दारी? हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळत होता. गेल्या हिवाळ्यात सुरतेस जाणे झाले, आणि तेथे तो फार जवळून पाहावयास मिळाला.

एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही तेथे एका नव्या उपकरणाच्या अनावरण-समारंभास गेलो होतो. वेसू भागातील एक प्रशस्त दालन, रंगीत दिव्यांचा झगमगाट, छातीत धडधडणारे संगीत, आणि मध्यभागी काचेच्या पेटीत ठेवलेले एक मनगटी घड्याळ. नाडीचे ठोके, पावले आणि झोप मोजणारी घड्याळे आता गल्लोगल्ली मिळतात. याचे वैशिष्ट्य असे की, ते रक्तातील साखरही दाखविणार होते. पत्रिका गुजरातीत होती. तिच्यावरील ठळक ओळ मराठीत आणावयाची तर 'सुईपासून मुक्तीकडे' अशी होईल. अल्पोपाहारास पोंकवडे होते, म्हणजे आपल्याकडील हुरड्याचे वडे, आणि जोडीला घारी. मधुमेह्यांसाठी योजिलेल्या समारंभात तुपाने थबथबलेली घारी ठेवण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याच्या विनोदबुद्धीला आम्ही मनोमन नमस्कार केला.

आमच्या शेजारी एक मराठी गृहस्थ बसले होते. तरुणपणी खानदेशातून सुरतेस आलेले, लिंबायतेत घर केलेले, आणि साठी उलटली तरी अजून यंत्रमागावर जाणारे. सकाळची पाळी सोडून ते आले होते. दिवसातून तीन वेळा त्यांना बोटाला टोचून साखर पाहावी लागे. टोचण्याचे त्यांना भय नव्हते. त्यांची अडचण निराळी होती. मागावर धागा तुटला की त्याला चिमटीत धरून गाठ मारावी लागते. टोचलेल्या बोटांना ती गाठ सोसवत नाही. "दहा बोटं आहेत, भाऊ, पण गाठ मारायची ती ह्याच दोघांनी," असे म्हणून त्यांनी अंगठा आणि तर्जनी आमच्यापुढे धरली. दोन्हींची टोके काळवंडून कठीण झाली होती.

सव्वा तासाच्या दीपोत्सवानंतर, शेवटच्या दहा मिनिटांत, व्यासपीठावरील तरुणाने घाईघाईने काही गोष्टी सांगितल्या. घड्याळाचा हिशेब जुळावा म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला टोचून आलेला आकडा त्यात भरावा लागेल. शिवाय घड्याळाने दाखविलेल्या आकड्यावरून औषधाची मात्रा ठरवू नये. एवढे बोलून तो रंगांच्या निवडीकडे वळला. घड्याळ चार रंगांत मिळणार होते. काचेची पेटी शेवटपर्यंत उघडली गेली नाही. "म्हणजे टोचायचं ते टोचायचंच," शेजारचे गृहस्थ म्हणाले आणि उठले. दाराशी त्यांनी त्या तरुणाला गाठले. त्याने हातातील मायक्रोफोन खाली ठेवला आणि हलक्या आवाजात त्यांना म्हणाला, "काका, पट्ट्या बंद करू नका हं."

वस्तुस्थिती अशी आहे की, त्वचेला मुळीच न भेदता रक्तातील साखर स्वतः मोजणारे घड्याळ अथवा अंगठी अद्याप कोणाला विश्वासार्हपणे साधलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तसा स्पष्ट इशारा दिला: अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, आणि चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन घेतले तर प्राणाशी गाठ पडेल. दंडावर चिकटवावयाची जी साधने आज खरोखर उपयोगी पडतात, त्यांचाही केसासारखा तंतू त्वचेखाली जातोच, आणि तोदेखील रक्तातील नव्हे, तर पेशींमधील द्रवातील साखर मोजतो. हे त्या दालनात सांगावयास पाच मिनिटेही लागली नसती.

आता पत्रिका पुन्हा पाहावी. ती खोटी होती काय? 'सुईपासून मुक्ती' असे तिने कोठेच म्हटले नव्हते. तिने 'मुक्तीकडे' म्हटले होते. सारी मेख त्या 'कडे'मध्ये होती. पंढरपूरकडे तोंड करून उभा राहिलेला मनुष्य पंढरपुरास पोहोचला, असे कोणी म्हणणार नाही. पण वाट पाहून थकलेल्या माणसाला ते एवढेसे शब्दयोगी अव्यय दिसतच नाही. ते दिसू नये अशीच त्याची योजना केलेली असते.

यावर आपल्याकडील ठराविक उपदेश असा की, अपेक्षाच ठेवू नये, म्हणजे तिचा भंग होत नाही. संतांनी आणि शास्त्रकारांनी निरिच्छतेचा जो महिमा गाइला, तो आम्हांस शिरोधार्य आहे. पण तो स्वतःस करावयाचा उपदेश आहे. दुसऱ्याच्या पदरात टाकला की त्याचा अन्याय होतो. मागावरच्या त्या गृहस्थांना 'तुम्ही आशा धरलीतच का?' असे विचारणे म्हणजे ज्याचा खिसा कापला गेला, त्याला अपरिग्रहाचे व्रत शिकविणे होय. सगळ्या अपेक्षा एका मोलाच्या नसतात. काही अपेक्षा आपला अहंकार आपल्यात उत्पन्न करतो. त्या मोडल्या तर दुसऱ्याकडे मागणे नाही. काही मात्र आपली गरज हेरून दुसऱ्याने आपल्यात पेरलेल्या असतात.

पहिल्या प्रकारचे उदाहरणही सुरतेच्याच वाटेवर सापडते. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेस उतरला. बादशहा जहांगिरासाठी त्याने नजराणे आणले होते. त्यांत इंग्रजी बनावटीची घोडागाडी आणि व्हर्जिनल नावाचे पेटीसारखे तंतुवाद्य ही मुख्य. जानेवारी १६१६ मध्ये अजमेरच्या दरबारी ते सादर झाले. त्या काळचा हा अनावरण-समारंभच म्हणावयाचा. सिंहासनावरून गाडी नीट दिसेना, म्हणून बादशहाने माणसे पाठवून ती पाहविली, वाद्य वाजवून घेतले, आणि रात्री स्वतः चौकात उतरून गाडीत शिरला, तिचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, माणसांकडून ती ओढवून घेतली. रो याने हे सारे रोजनिशीत लिहून ठेवले आहे. पुढे तोच लिहितो की, गोव्याच्या मिशनमधून दरबारी आलेल्या जेझुइट पाद्र्याला बादशहाने विचारले, इंग्लंडचा राजा खरोखर मोठा आहे काय? आणि असेल तर इतक्या हलक्या मोलाच्या भेटी का पाठवितो? त्याला रत्नांची अपेक्षा होती.

येथे अपेक्षाभंग झाला खरा. पण बादशहाला कोणी रत्नांचे आमिष दाखविले नव्हते, आणि त्याचे काही अडलेही नव्हते. गाडी गाडी म्हणून वाईट नव्हती. तिच्यावर एका राजाचे मोठेपण सिद्ध करण्याचा भार टाकला होता, तो तिला पेलला नाही. तो भार उतरल्यावर मात्र बादशहाने केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने कारागीर बोलावले, गाडीचे चिनी मखमलीचे अस्तर उसवून त्या जागी जरीचे उंची वस्त्र लावविले, पितळी खिळे काढून रुपेरी बसविले, आणि तिच्याबरहुकूम दुसरी गाडी घडविली. १६१६ च्या अखेरीस छावणी अजमेरहून हलली, तेव्हा तो स्वतः नव्या गाडीत बसला. मूळची इंग्रजी गाडी नूरजहानकडे गेली. निराश झालेल्या माणसाला वस्तू उसवून पाहता आली, ही केवढी मोठी सोय! सुरतेच्या दालनात काचेची पेटी मध्ये होती. (जहांगिराच्या आत्मचरित्रात रो याचे नावही येत नाही, हा आणखी एक अपेक्षाभंग; पण तो रो याच्या चाहत्यांचा.)

या साऱ्या प्रकरणात आम्हांस रो याचे वागणे अधिक मोलाचे वाटते. तो मालकांचा पगारी मनुष्य होता. माल चांगला आहे असे बादशहापुढे म्हणणे त्याला भाग होते. पण कंपनीला त्याने कळवावयाचे ते कळविले: भेटी येथे तुच्छ लेखल्या जातात, मखमल विटलेले आहे, लोक हसतात. व्यासपीठावरील तो तरुणही पगारीच. त्याने आपले सत्य हलक्या आवाजात, दाराशी, एका माणसाला सांगितले, आणि तेवढ्याने कदाचित एका माणसाचे औषध चुकावयाचे टळले. त्याला भेकड म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्याचे वाक्य त्याच्या मालकांनी पत्रिकेवर ठळक छापावयास हवे होते, एवढेच आमचे म्हणणे. ज्याने आशा पेरली, त्याने तिच्या मर्यादाही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत सांगाव्यात. ते त्याचे देणे आहे, उपकार नव्हे.

तसे छापले असते तर दालन अर्धे रिकामे राहिले असते, हे उघड आहे. रिकाम्या खुर्च्यांचे भाडे, उरलेले पोंकवडे, विझवावे लागलेले दिवे, हा सगळा खर्च मग मालकांच्या खात्यात पडता. त्या दिवशी खुर्च्या भरल्या होत्या, आणि खर्च लिंबायतेच्या गृहस्थांकडे गेला: जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे, आणि सोडलेल्या सकाळच्या पाळीची मजुरी.