काकूच्या रकान्यातला 1

गेल्या दिवाळीत गावी होतो. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, कापसाचं. दुपारी आशाताई ओट्यावर बसून फॉर्म भरत होत्या. सीबॅक नावाचा हा सरकारी फॉर्म तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, वगैरे. काकूचं वय 56, त्याचे 3 गुण. कंबर 84 सेंटिमीटर, त्याचा 1. इथवर भराभर झालं.

शेवटी दोन प्रश्न आले. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? उत्तरं चार: अजिबात नाही 0, काही दिवस 1, निम्म्याहून जास्त दिवस 2, जवळपास रोज 3.

काका जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. काकू जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कशामाच जीव लागत नही. पन रोज कापूस वेचाले जास ना मी."

उदास वाटण्याच्या प्रश्नासमोर आशाताईंनी 2 लिहिला. रस नसण्याच्या प्रश्नाशी मात्र पेन थांबलं. "कापूस वेचाले जाते" हे उत्तर चारपैकी कुठल्या रकान्यात बसवायचं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुम्ही शिकेल आहात. 1 लिहू का 2?"

मी म्हणालो, 1.

बेरीज 3 झाली. फॉर्मवर लिहिलेलं असतं की बेरीज 3 पेक्षा जास्त आली तर त्या माणसाला सीएचओकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवायचं. मी 2 म्हणालो असतो तर 4 झाले असते. मी हिशेब करून 1 म्हणालो नव्हतो. काकू संकोचली होती, दारात शेजारची दोन माणसं उभी होती, आणि मला तो विषय पटकन संपवायचा होता.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे कर्मचाऱ्यांना दर महिन्याला विचारतात, तुम्हाला कसं वाटतंय, 1 ते 5. त्याची सरासरी काढणारा कोड मी लिहिलाय. स्क्रीनवर 3.8 दिसतं, पुढच्या महिन्यात 3.9, आणि मीटिंगमध्ये लोक खूश होतात. काकूच्या 1 नंतर मला त्या 3.8 कडे नीट बघवेना, म्हणून वाचत बसलो.

1946 साली हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 'सायन्स'मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्याआधी ब्रिटनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांची एक समिती कित्येक वर्षं भांडत होती की माणसाला जे जाणवतं ते मोजता येतं का. एकमत झालंच नाही. स्टीव्हन्स म्हणाले, आकडे एकाच जातीचे नसतात, चार जातींचे असतात.

पहिली जात नॉमिनल, म्हणजे नुसतं नाव. धोनीचा 7, कोहलीचा 18, रोहितचा 45. सरासरी 23.33 येते आणि त्या नंबरचा कुणीच मैदानावर येत नाही. इथे फक्त मोजदाद करता येते आणि बहुलक सांगता येतो. दुसरी ऑर्डिनल, म्हणजे क्रम. बाजारात कापसाची प्रत लावतात तसं: ही त्याहून बरी, पण कितीने बरी ते प्रतीवरून कळत नाही. इथे मध्यकापर्यंत जाता येतं. तिसरी इंटर्व्हल, जिथे अंतरं सारखी असतात पण शून्य आपण ठरवलेलं असतं. भुसावळला मे महिन्यात 44 अंश आणि थंडीच्या पहाटे 11 अंश असले, तर मे चौपट गरम झाला का? फॅरनहाइटमध्ये तेच 111 आणि 52 होतात, चौपट कुठल्या कुठे जातं. चौथी रेशो, जिथे शून्य खरं असतं. काकूची कंबर, केळीच्या घडाचं वजन, उन्हात चाललेली पावलं. इथे दुप्पट म्हणजे दुप्पट.

काकूचे 1 आणि 2 दुसऱ्या जातीचे. 'काही दिवस' आणि 'निम्म्याहून जास्त दिवस' यांतलं अंतर हे 'निम्म्याहून जास्त' आणि 'रोज' यांतल्या अंतराइतकंच आहे, असं गृहीत धरता येत नाही. छापताना सोय म्हणून 0, 1, 2, 3 लिहिले.

मग सरासरीने काय बिघडतं? एका गल्लीतल्या चौघांची उत्तरं 1, 1, 1, 1 धरा. दुसऱ्या गल्लीत 0, 0, 0, 3. पहिलीची सरासरी 1, दुसरीची 0.75. दुसरी गल्ली सुखी. आता 'जवळपास रोज' या उत्तराला 3 ऐवजी 5 म्हणा. क्रम तोच राहिला, माणसं तीच, त्यांनी दिलेली उत्तरंही तीच. दुसऱ्या गल्लीची सरासरी 1.25 झाली आणि तीच जास्त दुःखी ठरली. कोण दुःखी हे माणसांनी ठरवलं की फॉर्म छापणाऱ्याने? आणि दोन्ही हिशेबांत तो चौथा, रोज निराश असलेला माणूस सरासरीच्या आत कुठेतरी दडलेलाच राहतो.

गंमत म्हणजे स्टीव्हन्स यांनाही हे माहीत होतं की लोक ऐकणार नाहीत. क्रमाच्या आकड्यांवर सरासरी आणि प्रमाण विचलन काढणं काटेकोरपणे चुकीचं, पण त्यातून पुष्कळदा उपयोगाचं काही निघतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. 1953 मध्ये फ्रेडरिक लॉर्ड यांनी फुटबॉलच्या जर्सी नंबरांवर एक चेष्टेखोर लेख लिहून वाद आणखी पेटवला. त्यांचं म्हणणं, आकड्यांना आपण कुठून आलो ते ठाऊक नसतं. खरं आहे. पण ते ज्याने लिहिले त्याला तर ठाऊक असतं.

मोजूच नये, असंही मला म्हणता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात. तिथे एक साधी गोष्ट मोजली: नैराश्य असलेल्यांपैकी किती जण उपचारापर्यंत पोहोचले. सुरुवातीला 4.3 टक्के, दीड वर्षाने 27.2. हो की नाही, एवढीच नोंद. पहिल्या जातीचा आकडा, पण त्याच्यामागे डॉक्टर किंवा समुपदेशकासमोर बसलेली माणसं आहेत. हे मोजलंच नसतं तर 4.3 ची लाज कुणालाच वाटली नसती.

मग परत त्या दोन प्रश्नांकडे गेलो. ते पीएचक्यू-2 या चाचणीतून आलेत. ज्या 2003 च्या अभ्यासातून ती आली त्यात सीमा '3 किंवा त्याहून जास्त' अशी सुचवलेली आहे. आपल्या फॉर्मवर '3 पेक्षा जास्त'. आमच्या धंद्यात अशी चूक रोज होते, एका बरोबरच्या चिन्हाची, आणि ती सापडली की आम्ही हसतो. फॉर्मवर ती चूक आहे की मुद्दाम केलेला बदल, हे मला ठरवता येणार नाही. पण एखादी बाई 'रोज निराश वाटतं' म्हणाली आणि दुसऱ्या प्रश्नाला 'अजिबात नाही' म्हणाली, तर तिची बेरीज 3 होते आणि ती घरीच राहते. निम्मे-निम्मे दिवसवाली 2 आणि 2 करून डॉक्टरकडे जाते. ज्या आकड्यांची बेरीज करायला नको, त्यांची बेरीज केली की असं होतं.

अर्थात काकूच्या बाबतीत फॉर्मचा दोष काढणं मला सोयीचं आहे. तिचा 3 मूळ सीमेत बसला असता, हे खरं. पण त्यातला एक आकडा तिचा नव्हताच, तो माझा होता. तिने सांगितलेलं वाक्य चारही रकान्यांपेक्षा स्पष्ट होतं.

मागच्या आठवड्यात आशाताईंना फोन केला. म्हणालो, तो 1 मी चुकून सांगितला होता, काकूला एकटीला बसवून पुन्हा विचाराल का? त्या म्हणाल्या, "दादा, फॉर्म तर वर गेला. पन मी जाईन सोमवारी." टेली-मानसचा 14416 हा नंबरही त्यांनीच मला लिहून घ्यायला लावला.

मग काकूला लावला. जीव लागतो का, असं सरळ विचारता आलं नाही. कापूस किती निघाला ते विचारलं. तिने क्विंटलमध्ये सांगितलं, भावही सांगितला. नंतर थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता.

"तू कव्हय येशी?" तिने विचारलं.